अमरत्वाची किंमत सांगणारा गॉथिक व्हॅम्पायरपट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान छोट्या युनिटसह, मोजक्या साधनांत व्हॅम्पायरपट करू पाहणाऱ्यांसाठी आहे. लघुपट असो वा पूर्ण लांबीचा चित्रपट, अडचणी त्याच येतात. रक्त गुलाबी दिसतं, सुळे लावले की नट बोबडं बोलायला लागतो, धुकं प्रत्येक शॉटला वेगळं दिसतं, आणि अमरत्वाची किंमत शेवटच्या दहा मिनिटांत एका लांबलचक संवादात उरकली जाते. यातली शेवटची अडचण सगळ्यात महागात पडते, म्हणून सुरुवात तिथूनच.

अमरत्वाची किंमत म्हणजे पटकथेत नेमकं काय लिहायचं?

किंमत हा व्यवहार आहे आणि तो व्यवहारासारखाच लिहायला हवा. कोण देतं, काय देतं, किती वेळा देतं आणि द्यायचं नाकारलं तर काय होतं, या चार प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत कागदावर येईपर्यंत पहिला प्रसंगही लिहू नका. "तो शतकानुशतकं एकटा आहे" हे उत्तर चालणार नाही, कारण त्याचा शॉट लावता येत नाही. "जिच्यावर जीव जडतो तिचा पहिला पांढरा केस दिसला की तो घर सोडतो" हे चालेल. इथे लगेच चित्र उभं राहतं: आवरलेली खोली, तसबिरी काढल्यावर भिंतीवर उरलेले फिकट चौकोन, जिन्याखालून त्याला हाक मारणारा आवाज.

आपल्याकडचा अश्वत्थामा चिरंजीव आहे, पण त्याच्या कपाळावरची जखम भरत नाही. ग्रीक पुराणातल्या टिथोनसला अमरत्व मिळालं, पण त्याच्यासाठी तारुण्य मागायचं राहून गेलं, म्हणून तो नुसता झिजत राहिला. दोन्ही कथा टिकल्या, कारण किंमत शरीरावर दिसते आणि रोज द्यावी लागते.

किंमत शरीराची असू शकते, नात्यांची असू शकते किंवा स्मरणाची. तिन्ही थोड्या थोड्या घेण्यापेक्षा एकच घ्या आणि शेवटपर्यंत ताणा. आमची शिफारस स्मरणाची आहे. ती सगळ्यात कमी वापरली गेली आहे आणि तिला ना महागडी रंगभूषा लागते, ना इफेक्ट. उदाहरणार्थ, नायकाकडे वीस तसबिरी आहेत आणि प्रत्येकीच्या मागे त्याने नाव लिहून ठेवलंय, कारण चेहऱ्यावरून त्याला आता काही आठवत नाही. जुन्या नावांची शाई तपकिरी झाली आहे, मधली अक्षरं वेगळ्या वळणाची आहेत, आणि दोन तसबिरींच्या मागे एकच नाव आहे. कॅमेरा फक्त मागची बाजू दाखवतो. एकही संवाद लागत नाही.

ही किंमत कथेत कधी दिसावी?

पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, या हिशेबाने ९० पानांच्या पटकथेत पहिली वीस पानं अमरत्वाचा मोह दाखवण्यासाठी द्या. प्रेक्षकाला ते हवंहवंसं वाटलंच पाहिजे, नाहीतर पुढचं नुकसान त्याला आपलं वाटत नाही. किमतीचा पहिला हप्ता तिसाव्या पानाच्या आत यावा आणि तो छोटा असावा. त्यापुढचा प्रत्येक हप्ता आधीपेक्षा मोठा हवा.

इथे बहुतेक पटकथा एकाच ठिकाणी अडखळतात. माणसं मरतात, गाव घाबरतं, पण व्हॅम्पायरचं स्वतःचं काहीच जात नाही. मग तो नुसता शिकारी ठरतो आणि आपल्या हातात साधी पाठलागाची गोष्ट उरते. पहिला खर्डा झाला की त्याने स्वतः काय गमावलं ते प्रत्येक प्रसंगासमोर लिहा. सलग पाच प्रसंगांसमोर जागा कोरी राहिली, तर त्यातले दोन तरी काढावे लागतील.

सूर्यप्रकाश, लसूण, आरसा, क्रूस: सगळे नियम घ्यायलाच हवेत का?

अजिबात नाही. चार नियम पुरतात. यातलं काहीच दगडावरची रेघ नाही. १८९७च्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी झालेली असते. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना रूढ झाली ती १९२२च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटापासून.

निवडीची कसोटी सोपी आहे. पात्राला जे मनापासून हवंय, त्याच्या आड येणारा नियम ठेवा. 'बोलावल्याशिवाय घरात येता येत नाही' हा नियम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यातून उंबरठ्यावरचा प्रसंग आपोआप मिळतो: आतला माणूस, बाहेरचा माणूस आणि मधलं उघडं दार. लसणातून असं काही मिळत नाही.

व्हॅम्पायर किती वेळा रक्त पितो, हे ठरवणं गरजेचं आहे का?

हो, आणि पाढे मांडून ठरवा. आठवड्याला एक जीव घेणारा तीनशे वर्षांचा व्हॅम्पायर म्हणजे ५२ गुणिले ३००, अर्थात १५,६०० खून. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून त्याचा प्रेमप्रसंग पुन्हा वाचा. बरेच संवाद बदलावे लागतील. दुसरा हिशेब प्रसाराचा. चावलेला प्रत्येक जण व्हॅम्पायर होत असेल आणि प्रत्येक जण महिन्याला एकालाच चावत असेल, तरी संख्या दर महिन्याला दुप्पट होते आणि एकापासून सुरू होऊन ३३ महिन्यांत ८५८ कोटींच्या पुढे जाते. म्हणजे तीन वर्षांच्या आत जगात चावायला माणूस उरत नाही. म्हणून बाधा होण्याची अट कठीण ठेवा, किंवा चावणं आणि बदलणं या दोन वेगळ्या क्रिया करा.

गॉथिक वातावरणासाठी किल्ला किंवा हवेली हवीच का?

एक जिना, एक लांब बोळ आणि कधीही न उघडणारं एक दार, एवढं मिळालं तरी भागतं. गॉथिक कथेत भूतकाळ वर्तमानाच्या छातीवर बसलेला असतो, आणि हे वास्तूच्या आकारापेक्षा तिच्या झिजेतून जास्त कळतं.

जुनेपणा आणताना हमखास होणारी चूक म्हणजे सगळीकडे सारखा मळ. खऱ्या घरात मळ हाताच्या उंचीवर असतो: कडीभोवती, कठड्यावर, दिव्याच्या बटणाशेजारी. ओल कोपऱ्यांत आणि जमिनीलगत असते, तर काजळी दिव्याच्या वर. गडद तपकिरी रंग भरपूर पाण्यात पातळ करून लावा, लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि फक्त खाचांत राहू द्या. धुळीसाठी मुलतानी माती चाळून उडवतात. ती उडवताना युनिटने मास्क लावावा, कॅमेऱ्याची लेन्स बदलू नये, आणि नटाच्या तोंडासमोर तर उडवूच नये.

मेणबत्तीच्या उजेडात शूट करायचंय, पण चित्रात दाणे येतात. काय करावं?

मेणबत्तीचं रंगतापमान (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड नारिंगी, जास्त तितका निळसर) साधारण १९०० केल्विन असतं आणि उजेड फार थोडा. म्हणून मेणबत्ती फ्रेममध्ये ठेवायची आणि काम लपवलेल्या दिव्याकडून करून घ्यायचं. नारिंगी जेल (दिव्यावर लावायचा रंगीत पारदर्शक पडदा) लावलेला छोटा मंद एलईडी मेणबत्तीच्याच दिशेला, पण फ्रेमबाहेर वरच्या बाजूला लावा. तो मेणबत्तीच्या पातळीत ठेवला तर मेणबत्तीचीच सावली भिंतीवर पडते आणि बिंग फुटतं. लुकलुक यंत्रासारखी ठरावीक तालात नको. ज्योत बराच वेळ स्थिर असते आणि मधूनच दचकते.

अंधार दाखवायला सगळंच काळं करू नका. चेहरा एक ते दीड स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि फ्रेममध्ये कुठेतरी एक खरी उजळ जागा ठेवा: ज्योत, खिडकी, चांदीची कड. ती असेल तरच बाकीचा अंधार पटतो. चेहऱ्याच्या उजळ आणि काळोख्या बाजूंत तीन स्टॉपचा, म्हणजे ८:१ फरक ठेवला की गॉथिक घडण येते.

चांदण्यासाठी ५६०० केल्विनचा दिवा वापरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर ठेवला तर निळा रंग अंगावर येतो. ४३०० च्या आसपास ठेवा. ५० हर्ट्झच्या विजेवर २५ फ्रेमला शटर १/५० आणि २४ फ्रेमला शटरचा कोन १७२.८ अंश ठेवला की साध्या दिव्यांची लहर चित्रात येत नाही.

भिंतीवर पंजाची मोठी, धारदार सावली कशी मिळते?

इथे दिव्याच्या ताकदीपेक्षा त्याचा आकार महत्त्वाचा. दिव्यापासून हात अर्ध्या मीटरवर आणि भिंत दोन मीटरवर असेल तर सावली चौपट होते. याच मांडणीत दोन सेंटिमीटरच्या उघड्या दिव्याने सावलीची कड सहा सेंटिमीटर पसरते, तर वीस सेंटिमीटरच्या पॅनेलने साठ सेंटिमीटर; म्हणजे सावलीच राहत नाही. तेव्हा उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स काढा, एकच छोटा दिवा ठेवा आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद करा.

रक्त कसं बनवायचं?

एका प्रसंगासाठी हे प्रमाण पुरतं: ग्लुकोज सिरप २५० मि.ली., पाणी ५० मि.ली., लाल द्रव खाद्यरंग दोन चमचे, निळा खाद्यरंग दोन-तीन थेंब, कोको पावडर एक चमचा. कोको आधी कोमट पाण्यात घोटून गाळून घ्या. थेट सिरपमध्ये टाकला तर गुठळ्या होतात आणि क्लोजअपमध्ये त्या दिसतात. त्या पाण्यात रंग मिसळा, मग सिरप घाला, हळू ढवळा आणि बुडबुडे जाण्यासाठी अर्धा तास ठेवा.

पांढऱ्या बशीवर एक थेंब टाकून बशी तिरकी करा. पातळ ओघळ तपकिरीकडे झुकणारा लाल दिसला आणि साचलेला थेंब जवळपास काळा दिसला, तर जमलं. ओघळ गुलाबी असेल तर निळ्याचा एक थेंब आणि चिमूटभर कोको वाढवा. ही चाचणी त्याच दिव्यांखाली, त्याच कॅमेऱ्यावर करा. निळ्या चांदण्यात लाल रंग काळा पडतो, कारण त्याला परतवायला लाल उजेडच मिळत नाही. अशा प्रसंगात जखमेवर बाजूने एक छोटा उबदार दिवा सोडा.

कपड्यांवर सांडायच्या रक्तात भांडी घासायच्या द्रवसाबणाचे काही थेंब घातले की डाग सुटायला मदत होते. तोंडात घ्यायच्या रक्तात साबण जाता कामा नये. दोन वेगळ्या बाटल्या, दोन वेगळ्या रंगांची झाकणं आणि मोठ्या अक्षरांत लेबल, हे गडबडीच्या रात्री फार उपयोगी पडतं. तोंडातलं रक्त रोज ताजं करा. खाद्यरंग त्वचेवरही चढतो, म्हणून आधी क्रीमचा थर द्या. रक्ताच्या प्रसंगाला एकाच पोशाखाचे किमान तीन जोड हवेत, नाहीतर दुसरा टेक मिळत नाही.

एक सूचना कथेच्या अंगाने. चित्रपट पुढे सरकतो तसं रक्त थोडं थोडं गडद आणि दाट करत न्या, दर टप्प्याला पाव चमचा कोको वाढवून. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण जे सुरुवातीला अमृत वाटलं ते शेवटी औषधासारखं गिळावं लागतंय, हे त्याला जाणवतं.

सुळे कोणते वापरावेत? नट बोबडं बोलतो त्याचं काय?

दंततंत्रज्ञाकडून नटाच्या दातांचा साचा घेऊन बनवलेल्या ॲक्रिलिकच्या टोप्या सगळ्यात उत्तम. मूळ सुळ्यापेक्षा तीन ते पाच मिलिमीटर जास्त लांबी पुरते. त्याहून मोठे सुळे ओठाला अडतात आणि तोंड मिटत नाही.

साठ अंशांच्या आसपास मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या मण्यांचे तयार संचही मिळतात. मणी गरम पाण्यात पारदर्शक झाले की थोडे निवू द्या, सुळ्याच्या पोकळीत भरा आणि दातावर दाबा. पूर्ण कडक व्हायच्या आत एकदा काढून पुन्हा बसवा. हे विसरलात तर प्लास्टिक दातांमधल्या फटीत अडकून बसतं आणि मग दंतवैद्याशिवाय निघत नाही. झटपट चिकटणारा गोंद किंवा कृत्रिम नखांचं ॲक्रिलिक तोंडात कधीही वापरू नका. हिरड्या भाजतात आणि दाताचं कायमचं नुकसान होतं.

बोबडेपणा मुख्यतः स, श आणि फ या उच्चारांत येतो. आठवडाभर रोज अर्धा तास सुळे लावून मोठ्याने वाचन केलं की बराच जातो. त्याहून सोपा उपाय संकलनात आहे: संवादाचे शॉट सुळ्यांशिवाय घ्या आणि सुळे फक्त मोजक्या शॉटमध्ये दाखवा.

पूर्ण डोळा झाकणाऱ्या लेन्स सुरक्षित असतात का?

नेत्रतज्ज्ञाने मापून दिल्या, वेळेची मर्यादा पाळली आणि एकमेकांच्या वापरल्या नाहीत तरच. साध्या मऊ लेन्सचा व्यास १४ मिलिमीटरच्या आसपास असतो, या मोठ्या लेन्सचा २२ पर्यंत जातो. त्यामुळे डोळ्याला प्राणवायू कमी मिळतो. लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप उतरवण्याआधी काढायच्या. अंधारात बाहुली मोठी होते, लेन्सचं छिद्र मात्र तेवढंच राहतं, म्हणून नटाला कडेचं काही दिसत नाही. जिन्यावर आणि मेणबत्त्यांजवळ त्याचा हात धरायला एक माणूस नेमा. धुराच्या शॉटला या लेन्स टाळा.

धुकं प्रत्येक शॉटमध्ये कमी-जास्त दिसतं. एकसारखं कसं ठेवायचं?

खिडक्या बंद, पंखे बंद. धुक्याचं मशीन चालवून पाच-दहा मिनिटं धुकं पसरू द्या आणि मग मोजा. खोलीच्या टोकाला काळं कापड लावा आणि त्यावर स्पॉट मीटरचं (एकाच जागेचा उजेड मोजणाऱ्या यंत्राचं) वाचन घ्या. धुकं जितकं दाट, तितकं ते काळं कापड उजळ दिसतं. पहिल्या शॉटचं वाचन लिहून ठेवा आणि प्रत्येक टेकआधी तेवढंच आहे ना ते बघा. नुसत्या नजरेवर विसंबलात तर संकलनात एकाच संभाषणात हवामान बदलताना दिसेल. धुराचे अलार्म असतील तर इमारत सांभाळणाऱ्यांना आधी कळवा. दम्याचा त्रास असलेल्यांना सेटवर कधी यायचं ते ठरवू द्या.

जमिनीलगत वाहणाऱ्या धुक्यासाठी ड्राय आइस वापरावा का?

मोकळ्या, हवेशीर जागेत वापरता येतो. तळघरात किंवा शवपेटीत नाही, आणि यात तडजोड नको. ड्राय आइस म्हणजे उणे ७८.५ अंशांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड. तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागेत साचतो. अर्ध्या किलोतून सुमारे २७० लिटर वायू निघतो. दोन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि चाळीस सेंटिमीटर खोल पेटीचं आकारमानच ४८० लिटर असतं. हवेत हा वायू ४ टक्के झाला तरी जिवाला धोका मानतात. पेटीत डोळे मिटून निपचित पडलेल्या नटाचं काही बिनसलं तर ते बाहेरून कळणारही नाही. धुक्यात उघडी शवपेटी हवी असेल तर पेटीतलं धुकं नटाशिवाय वेगळ्या शॉटमध्ये घ्या.

पेटीबाबत आणखी थोडं: झाकणाला खरी कडी नको, तळाला आणि डोक्याच्या बाजूला हवेची छिद्रं पाडा, आणि नटाला आतून सहज देता येईल असा ठोकण्याचा इशारा आधी ठरवा.

आरशात प्रतिबिंब नाही, हे महागड्या इफेक्टशिवाय दाखवता येतं का?

दोन पद्धती आहेत. पहिलीत कॅमेरा ट्रायपॉडवर अजिबात न हलवता दोनदा शूट करायचं, एकदा व्हॅम्पायरसह आणि एकदा त्याच्याशिवाय. मग संकलनात फक्त आरशाचा भाग दुसऱ्या शॉटमधून घ्यायचा. फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल हवं. व्हॅम्पायरची सावली माणसावर पडली की ही पद्धत फसते, कारण आरशात ती सावली नाहीशी झालेली दिसते.

दुसरी पद्धत जुन्या रंगमंचाची. चौकटीत काचच नसते. पलीकडे उलट्या मांडणीची खोली असते आणि माणसाचं प्रतिबिंब म्हणून दुसरा नट उभा असतो. तिथे केसांचा भांग, बटणांची बाजू, घड्याळाचा हात सगळं उलटं करावं लागतं. मेहनत मोठी आहे, पण कॅमेरा फिरवता येतो, आणि सरकत्या शॉटमध्ये हा परिणाम अंगावर काटा आणतो.

नायक काही क्षणांत म्हातारा होतो, हे कमी खर्चात कसं करावं?

द्रव लॅटेक्सने, म्हणजे त्वचेवर लावायच्या पातळ रबराने. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून ॲलर्जी तपासा. भुवया आणि केसांच्या कडेला आधी जाड क्रीम लावा, नाहीतर लॅटेक्ससोबत केसही उपटले जातात. एका माणसाने त्वचा ताणून धरायची, दुसऱ्याने स्पंजने पातळ थर टिपायचा, ड्रायरच्या थंड हवेने वाळवायचा, ताणलेलं असतानाच पावडर लावायची आणि मग सोडायचं. सुरकुत्या लगेच उमटतात. तीन-चार थर पुरतात. पावडर विसरलात तर थर एकमेकांना चिकटतात. हात आणि मान विसरू नका. चेहरा ऐंशीचा आणि बोटं पंचविशीची, असं पुष्कळ चित्रपटांत दिसतं.

बदल दाखवताना डोकं एकाच जागी राहायला हवं. मानेमागे लपवलेला आधार ठेवा, पहिल्या टप्प्याची फ्रेम मॉनिटरवर अर्धपारदर्शक लावा आणि डोळे-नाक जुळवून पुढचा टप्पा घ्या.

ध्वनीत व्हॅम्पायर वेगळा कसा वाटेल?

त्याचा श्वास काढून टाका. संवादाच्या ट्रॅकवर वाक्यांच्या आधीचा प्रत्येक श्वास कापा आणि तिथे खोलीचा शांत आवाज भरा. त्यासाठी प्रत्येक लोकेशनवर मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करून आणा. जागा कोरी ठेवली तर ट्रॅक तुटल्यासारखा वाटतो. समोरच्या माणसाचे श्वास मात्र ठेवा, किंबहुना किंचित वाढवा. दोघांच्या संभाषणात एकाचाच श्वास ऐकू येतो, आणि कारण न कळताही प्रेक्षक अस्वस्थ होतो. मग ज्या प्रसंगात त्याला माणूसपण आठवतं, तिथे एकच श्वास परत द्या.

ड्रॅक्युलाचं पात्र वापरायला परवानगी लागते का?

ब्रॅम स्टोकर १९१२ साली वारला, त्यामुळे लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांची मुदत धरली तरी मूळ कादंबरी केव्हाच कॉपीराइटमधून मुक्त झाली आहे. तिच्यावर आधारलेल्या नंतरच्या चित्रपटांनी स्वतः जोडलेल्या गोष्टी, जसे नवे संवाद, पोशाखाची आणि रंगभूषेची खास घडण, संगीत, यांवर मात्र हक्क असू शकतात. १९२२च्या 'नोस्फेरातू'ने परवानगी न घेता नावं बदलून तीच कथा वापरली होती. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि जर्मन न्यायालयाने १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. काही प्रती वाचल्या म्हणून तो चित्रपट आज पाहता येतो. मूळ कादंबरी समोर ठेवून लिहा, कोणती गोष्ट कोणत्या पानावरून घेतली याची टिपणं ठेवा, आणि वितरणाआधी त्या-त्या देशातल्या कायद्याबद्दल वकिलाचं लेखी मत घ्या.